जहाजातली चौघांची खोली

जहाजाचं खूळ माझ्या डोक्यात समुद्रापायी शिरलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. समुद्र मी पाहिलेला आहे. डी.एड.ला असताना आमची सहल गेली होती, तेव्हा पायाचे अंगठे भिजवून आले होते. तेवढा मला पुरे होता. लोकांना जहाजाच्या फोटोत वरचा पोहण्याचा हौद दिसतो, रोषणाई दिसते, काळे चष्मे लावून आडवी पडलेली माणसं दिसतात. मला खोली दिसली.

आमच्या शाळेतल्या एका मॅडमचा भाऊ बायकापोरांना घेऊन मुंबईहून गोव्याला जहाजाने जाऊन आला होता. मधल्या सुट्टीत मॅडम त्याचे फोटो दाखवत होत्या. त्यात एक फोटो त्यांच्या खोलीचा. एवढीशी खोली. खाली दोन पलंग आणि त्यांच्यावर भिंतीतून ओढून काढलेले आणखी दोन. चार माणसं आत शिरली की एकमेकांना धक्का न लावता पायातले मोजेही काढता येणार नाहीत, अशी.

"कसे राहत असतील माय एवढ्याशा जागेत," मॅडम म्हणाल्या.

"मले पाठवा तो फोटो," मी म्हटलं.

आता यामागचं कारण. आम्ही दारव्ह्याचे. नवऱ्याचं कृषी केंद्र आहे, बी-बियाणं आणि खतं विकायचं. मी जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. पोरं लहान होती तेव्हा आम्ही दुकानामागच्या एका खोलीत राहायचो. चार गाद्या टाकल्या की जमीन संपायची. दिवा मालवला की पोरांच्या तोंडाला पाझर फुटायचा. दिवसभर "काय केलं शाळेत?" विचारलं तर "काही नाही" म्हणणारी कार्टी अंधारात सगळं सांगायची, कोणी कोणाचं दप्तर लपवलं, कोणत्या गुरुजींची पँट बाकाच्या खिळ्याला लागून फाटली. मी दमलेली असायची, ओरडायची, "झोपा आता, नाहीतर एकेकाला दुकानात पोत्यावर नेऊन टाकते." कुणी झोपायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ती झोपायला नको असायची.

मग आम्ही घर बांधलं. हौसेनं बांधलं. प्रत्येकाला खोली, प्रत्येक खोलीला दार, दाराला आतून कडी. इथेच चुकलं. पोरगी पुण्याला नोकरीला लागली, पोरगा नागपूरला शिकायला गेला. सुट्टीत दोघं घरी येतात, जेवायला बाहेर निघतात, ताटासोबत मोबाइल जेवतो, की पुन्हा दार बंद. मी तक्रार करत नाही. म्हणजे करतेच, पण दाराबाहेरून.

त्यात पावसाळ्यात पोरीचं साक्षगंध झालं. मुलगा तिच्याच कंपनीतला, घरचे पांढरकवड्याचे. माणसं इतकी साधी की घेणंदेणं हा शब्द त्यांनी बैठकीत काढला नाही. लग्न नाताळच्या सुट्टीत ठरलं. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. हॉल रिकामा असला आणि माणसांना सुट्टी असली की झाला मुहूर्त. आता लग्नाच्या आधी एकच मोठी सुट्टी उरली होती, दिवाळीची. लग्नानंतर पोरगी येईल, का नाही येणार? पण जावई सोबत असेल. मी त्यांना मोठी खोली देईन, नवी चादर टाकेन, सकाळी दार वाजवायच्या आधी खोकेन. माझ्याच घरात माझी पोरगी पाहुणी. त्याच्या आधी मला एकदा, फक्त एकदा, आम्ही चौघांनी एका खोलीत झोपायला हवं होतं. घरी सांगितलं असतं की या सगळे, हॉलमध्ये गाद्या टाकू, तर दोघांनी माझं कपाळ गरम आहे का ते पाहिलं असतं. हॉटेलात गेलं तर दोन खोल्या घेतात. जहाजात मात्र चौघांची खोली मिळते, आणि तिथून उठून कुणाला कुठे जाताही येत नाही.

हे कारण मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सांगितलं असतं तर पोरं आली असती, आईची हौस म्हणून, तोंड वेंगाडून. तशी नको होती मला. त्यांना स्वतःहून यायचं असेल तरच त्यात गंमत होती. म्हणून मी एवढंच जाहीर केलं, "दिवाळीत जहाजात जाऊ. सगळे जाऊन राह्यले आजकाल."

"दारव्ह्याहून जहाज?" नवरा म्हणाला.

"दारव्ह्याहून मुंबई. मुंबईहून जहाज."

पोरानं फोनवर हसून घेतलं. पोरगी म्हणाली, "चालेल न आई, मस्त आयडिया आहे." मस्त तर मस्त.

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघं यवतमाळला गेलो. तिथल्या एका प्रवास कंपनीच्या माणसाकडून दुकानात येणाऱ्या लोकांनी बोधगयेची, काश्मीरची तिकिटं काढलेली होती. जाडजूड, सावकाश बोलणारा माणूस. जहाज म्हटल्यावर त्यानं चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"जहाज, ताई? म्हणजे पाण्यातलं?"

"दुसरं कोठलं असते?"

त्यानं यापूर्वी कधीच जहाजाचं बुकिंग केलं नव्हतं. प्रामाणिकपणे सांगितलं त्यानं तसं. मग मुंबईच्या कुणाला तरी फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि आम्ही तिघांनी मिळून त्या मुंबईच्या पोरीला भंडावून सोडलं. पासपोर्ट लागतो का? नाही, गोव्यापर्यंत आधार कार्ड चालतं. जेवण तिकिटातच का? तिकिटातच. चहा? चहाही. "कितीदा बी?" नवऱ्यानं विचारलं. कितीदाही. तेव्हा कुठे त्याला जहाज पटलं.

दिवाळीच्या सुट्टीतल्या फेरीत चौघांची, खिडकीची एकच खोली उरली होती. "आठवडाभर धरून ठेवायला सांगतो," एजंट म्हणाला. "घरी बोलून घ्या, मंग पक्कं करू." मी म्हटलं, घरी काय बोलायचंय, मीच घर आहे. पण पोरांची आधार कार्डं त्यांच्याकडे होती, म्हणून थांबलो. निघताना नवरा त्या माणसाला म्हणाला, "या न कधी दारव्ह्याले. जेवालेच या." तो म्हणाला, "येतो न, नक्की." दोघांनाही माहीत होतं की तो येणार नाही.

इथे ही रीत समजावून सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे बोलावणं ही बोलण्याची पद्धत आहे. एस.टी.त डबा उघडला तर शेजारच्या अनोळखी माणसाला "या जेवाले" म्हणावंच लागतं, आणि त्यानं "घ्या घ्या, आताच झालं" म्हणावंच लागतं. तो उपाशी असला तरी. त्यानं खरोखर डब्यात हात घातला तर आपला घास हातातच राहील. जवळच्या माणसाला एकदा म्हणून भागत नाही, तीनदा म्हणावं लागतं. पहिल्यांदा सहज, दुसऱ्यांदा आग्रहानं, तिसऱ्यांदा "नाही म्हणू नका" असं गळ घालून. समोरचा तीनदा नाही म्हणतो. मग दोघंही मोकळे. दुकानात बसून बसून नवऱ्याच्या अंगात हे इतकं मुरलंय की डॉक्टरनं सुई टोचली तरी तो म्हणेल, चाला, चहा घेऊ.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं पांढरकवड्याला फोन लावला, लग्नाच्या मांडवाचं विचारायला. होणाऱ्या जावयाचे वडील, म्हणजे आमचे इवाई, शेतकरी माणूस. हायवेपासून थोडं आत त्यांचं वावर आहे, कापूस आणि तूर. नवऱ्याचा उजवा कान जरा कमी ऐकतो, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. मी समोर बसून मेथी निवडत होते. जय भीम झालं, तब्येती झाल्या, मांडव झाला. मग म्हणाला, "दिवाळीत काय करून राह्यले, इवाई?"

"काय करतो, कापूस वेचाले येते तवा. तुम्ही?"

"आम्ही जहाजात जाऊन राह्यलो, गोव्याले. चाला न तुम्ही बी."

मी मान वर केली. पण घाबरले नाही. हे पहिलं.

"नाही वो, आम्ही कायले. तुम्ही जाऊन या."

"असं कसं, इवाई? चाला. तेवढंच सगळ्यायचं जाणं होईन." दुसरं.

"नको नको. तुम्ही जा, फोटो पाठवा."

मी मेथीची काडी मोडून पुन्हा खाली पाहिलं. एकच बाकी होतं.

"नाही म्हणू नका, इवाई. मी मनापासून सांगून राह्यलो. तुम्ही आले तं आमच्या जिवाले बरं वाटेन."

पलीकडे इवायांनी घसा खाकरला. मग इवाई म्हणाले, "बरं. एवढं म्हणता तं येतो."

माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. पुढचं तर आणखी वाईट होतं.

"फक्त दिवाळीत जमणार नाही," इवाई म्हणाले. "वेचाईले माणसं भेटत नाहीत. आपण असं करू, लग्न होऊन जाऊ दे. मंग जाऊ आरामात, सगळे मिळून. पोरं बी जोडीनं येतील."

"हो हो, तसंच करू," नवरा म्हणाला. दुसरं तो काय म्हणणार होता? त्याच्या शब्दकोशात 'नाही' हा शब्दच नाही.

मी बोलायला लागले की आमच्या शेजारची बाई टीव्हीचा आवाज कमी करते. त्या संध्याकाळी तिनं टीव्ही बंदच केला असावा. बोलावणं, रीत, त्याचं दुकान, त्याचा कान, त्याचं खानदान, मी काहीही सोडलं नाही. तो बिचारा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "लग्नानंतर गेलो तं काय बिघडते?" शेवटी माझ्या तोंडून निघालंच. दुकानामागची खोली, चार गाद्या, सगळं. तो खाली वाकला. मग जमिनीवर पडलेली मेथी वेचता वेचता म्हणाला, "मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं काय केलं असतं?"

"फोनच नसता केला."

आता कुणी म्हणेल, एवढं काय, फोन करायचा आणि सांगायचं की आम्ही दिवाळीत पुढे जातो. म्हणणाऱ्याला पोरगी नसावी. आम्ही मुलीकडचे. मी आमच्या मुख्याध्यापकांना तोंडावर सुनावलेलं आहे, पण पोरीच्या सासरपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. आजवर कुणी मला तसं शिकवलं नाही, पाहून पाहूनच ते अंगात उतरलं. एकदा "चाला" म्हणून मग "तुम्ही नका येऊ" म्हटलं, आणि ती गोष्ट पोरीला जन्मभर ऐकावी लागली तर? "तुह्या घरच्यायनंच बोलावलं अन् त्यायनंच टाळलं." एका जहाजापायी तिच्या नव्या संसारात खडा टाकायची माझी तयारी नव्हती. आणि जहाज सोडून द्यायचीही नव्हती.

दोन दिवसांनी पोरीचा फोन आला. "आई, आपलं जाणं आता लग्नानंतर म्हणे?"

"तुले कोणी सांगतलं?"

"तिकडून कळलं. बरं आहे न, सगळे होतील." तिचा आवाज सपाट होता. त्यातून मला काही कळलं नाही. तिला वाईट वाटलं की नाही हे विचारायची हिंमत झाली नाही. नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं? पोराला फोन केला तर तो म्हणाला, "चांगलं झालं, आई. चौघं एका खोलीत म्हणजे मी वरती मोकळ्यात जाऊन झोपलो असतो. पप्पा किती घोरतात." मी फोन ठेवला आणि कुकरची शिट्टी नसतानाही स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

एजंटचा फोन आला, मी म्हटलं थांबा. आठवडा संपत आला, पुन्हा आला. मी पुन्हा थांबा म्हटलं. मग रविवारी लग्नपत्रिकेचा नमुना दाखवायचं निमित्त काढून आम्ही दोघं पांढरकवड्याला निघालो. आडून आडून सुचवायचं, असं ठरलं होतं. मी बोलणार होते, कारण नवरा बोलला असता तर गोव्यावरून आम्ही श्रीलंकेला गेलो असतो.

अंगणात पाय ठेवला आणि मी थबकले. ओसरीत भिंतीला टेकवून ट्रकची ट्यूब ठेवलेली होती, हवा भरलेली, चांगली माझ्या कमरेएवढी.

"हायवेवरच्या टायरवाल्याकडून आणली," इवाई म्हणाले. त्यांचे केस ओले होते. "आमच्या वावरात शेततळं हाये. रोज सकाळी पोहाले शिकून राह्यलो. जहाजात जायचं म्हणजे अंगात थोडं पोहणं पायजे न." साठीचा माणूस, ट्यूब घेऊन तळ्यात उतरतोय जहाजासाठी! अशा हौसेच्या माणसाला मी काय सुचवणार होते?

आत गेले तर इहीणबाईंनी, म्हणजे जावयाच्या आईनं, पाटवडी रस्सा मांडलेला. बाई गोड आहे, हाताला चव आहे. त्यांनी मला फळीवरची पिशवी काढून दाखवली. रबरी तळाचे नवे बूट, आवळासुपारीचे पुडे, लिंबाचं लोणचं. "जहाजासाठी घेऊन ठेवलं," म्हणाल्या. मग चुलीकडे पाहत विचारलं, "जहाजातली खिडकी उघडते का वो?"

"बंदच असते म्हणतात."

"अस्सं." आणि त्या रस्सा ढवळत राहिल्या. मला वाटलं, बाईला हवेची हौस आहे.

जेवायला बसलो. त्यांनी एकदा वाढलं, दोनदा वाढलं. मी आडून सुचवायच्या सगळ्या जागा शोधल्या. दिवाळीत भाव बरा असतो म्हटलं, नंतर समुद्र खवळतो म्हटलं. "हो का," इवाई म्हणाले आणि घास तोंडात धरून बसले. तिसऱ्यांदा इहीणबाई पळी घेऊन माझ्या ताटावर वाकल्या. मी "पुरे" म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"इहीणबाई, मले माह्या पोरीले लग्नाच्या आधी न्यायचं होतं. आम्ही चौघंच. पह्यले एका खोलीत झोपत होतो, तसं एकदा झोपायचं होतं. यायनं तुम्हाले बोलावलं ते रीत म्हणून बोलावलं. तुम्ही हो म्हणाल असं आम्हाले वाटलंच नाही. तुमचा राग नाही, भाऊ. राग मानू नका. पण मले माही पोरगी पायजे, एकदा."

बोलून झालं. पळीतला रस्सा माझ्या ताटात ठिबकत होता. नवरा ताटातल्या लिंबाकडे असा पाहत होता की आता हे लग्न मोडलं आणि त्याचा साक्षीदार ते लिंबू. 

मग इहीणबाई आपल्या नवऱ्याकडे वळल्या. "मंग सांगा न आता. गप कायले बसले?"

इवायांनी घास गिळला. "आम्ही दोनदा नाही म्हटलं होतं," ते हळूच म्हणाले.

"हो, म्हटलं होतं," नवरा म्हणाला.

"तिसऱ्यांदा बी नाहीच म्हणणार होतो. पण तुम्ही म्हणाले, तुम्ही आले तं जिवाले बरं वाटेन. मी म्हटलं, मुलीकडचा माणूस एवढ्या कळकळीनं म्हणून राह्यला. नाही म्हटलं तं म्हणतील, मुलाकडच्यायले माज आला. म्हणून हो म्हटलं. अन् लग्नानंतरचं एवढ्यासाठी सांगतलं, की तोवर तुम्ही इसरून जासान."

"अन् आम्ही इसरलो नाही," मी म्हटलं.

"तुम्ही तं घरीच आले," इहीणबाई म्हणाल्या आणि पळी खाली ठेवून मटकन बसल्या. "मले एस.टी.त बी मळमळते वो. यवतमाळले जातो तं आवळासुपारी चघळत जातो. खिडकी उघडत नाही म्हटल्यावर माह्या हातापायातलं पाणी पयालं. अन् हा माणूस रोज सकाळी नाकातोंडात पाणी घेऊन घरी येते. पाण्याले इतका भेते की नदीवरच्या पुलावरून गाडी गेली तं डोळे मिटते."

माझा जीव असा भांड्यात पडला की मला हसायलाच येईना. आधी डोळ्यांतून पाणी आलं, मग हसू. इहीणबाईंचंही तसंच. दोघी ताटांपुढे बसून रडत हसत होतो. नवरा सवयीनं म्हणाला, "पण खरंच, चाला न तुम्ही," आणि मी आणि इहीणबाई दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो तिथेच थांबला.

"मंग मले उद्यापासून तळ्यात नाही जायचं न?" इवायांनी विचारलं.

निघताना इहीणबाई गाडीपर्यंत आल्या. पिशवीतले आवळासुपारीचे पुडे माझ्या हातात कोंबले. "घेऊन जा तुह्या पोरीले," म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मला 'तू' म्हटलं. "आमच्या घरी ते येईन तवा येईन. तोवर तुहीच हाये न ते."  

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही परस्पर एजंटकडे गेलो. त्यानं आम्हाला पाहिलं आणि आधीच हात जोडले. खिडकीची चौघांची खोली गेली होती. मी थांबा थांबा म्हणत राहिले, तेवढ्यात कुणीतरी घेतली. त्यानं पुन्हा मुंबईला फोन केला. आता दोनच गोष्टी शिल्लक होत्या. दोघादोघांच्या दोन खोल्या, शेजारी शेजारी, दोन्हींना मोठ्या खिडक्या. नाहीतर चौघांची एक खोली, जहाजाच्या पोटात, तिला खिडकीच नाही. पैशात फारसा फरक नव्हता.

"यात इचार करण्यासारखं काय हाये, ताई," एजंट म्हणाला. "जहाजात जाऊन समुद्र नाही पाहाचा तं कायले जायचं? दोन खोल्या घ्या. पोरं मोठी झाली तुमची. एका खोलीत किती अडचण होईन."

त्याचं बरोबर होतं, हाच माझा त्रास होता. कुणालाही विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं. मी म्हटलं, पोरांना विचारते. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच दटावलं, काही सांगायचं नाही.

दोघांना एकदम फोन लावला. पोरगी ऑफिसात होती, मागे माणसं बोलत होती. पोरगा कुठेतरी रस्त्यावर. इहीणबाईंनी स्वतःच घेऊन जा म्हटलंय, हे आधी सांगितलं. मग मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, वर्गात गणित वाचून दाखवते तशा, आवाज न बदलता. दोन खोल्या, खिडक्यांच्या. एक खोली, बिनखिडकीची. आणि म्हटलं, "तुमचं तुम्ही ठरवा. मले दोन्ही चालते." एवढं धादांत खोटं मी पोरांशी कधी बोलले नव्हते. 

"दोन घे न मग," पोरगा म्हणाला. "समुद्र पाहाले तं चाललो आपण."

 पोरीच्या मागचे आवाज कमी होत गेले. ती उठून कुठेतरी बाजूला गेली असावी.

"एकच घे, आई," ती म्हणाली.

"त्या खोलीले खिडकी नाही बेटा."

"नसू दे. खिडकीतून समुद्र मी पुढे बी पाहीन, कोणासंग बी. आपण चौघं एका खोलीत आता पुन्हा कधी झोपणार आहोत?"

 रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मग पोरगा म्हणाला, "हो. एकच घे." आणि जरा थांबून, "घे न लवकर. तेही जाईन."

मला वाटत होतं, ती दुकानामागची खोली फक्त माझ्या एकटीच्या लक्षात आहे.

एजंट माझ्या तोंडाकडे पाहत होता. "मंग ताई, काय करू?" मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. नवऱ्यानं खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाला, "एकच करा, भाऊ. चौघांची."